पक्कं रक्त

निरोगी माणसाचं रक्त कुणाला कशाला हवं असेल, हा प्रश्न आमच्या घरात आठवडाभर चघळला गेला. तापीकाठचं आमचं गाव सारंगखेड्यापासून फार लांब नाही. एका पावसाळ्याच्या तोंडावर मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संस्थेची मंडळी गाडी घेऊन आली आणि शाळेच्या ओट्यावर टेबलं मांडून बसली. ताप नाही, खोकला नाही, औषध चालू नाही आणि ज्यांच्या घरी गुरं आहेत, अशांनीच यावं, अशी दवंडी त्यांनी माईकवरून दिली. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, म्हणाले, "निरोगीसनं रगत लेतस, मंग आजारीसनं काय लेतस?" त्यावर ओट्यावरची सगळी हसली, पण जेठ स्वतः सुईला घाबरतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "मन्हं वावरमा काम शे" म्हणून ते जे निघाले ते दुपारपर्यंत परतलेच नाहीत.

सगळ्यांत आधी हात पुढे केला तो जिजीनं. जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला सगळं घर जिजीच म्हणायचं, पुढं पुढं गावही म्हणायला लागलं. एक मुलगी सुरतेला दिलेली. बाकी तिचं जग म्हणजे चूल, गोठा आणि पाण्याची टाकी. मी शेजारच्या गावात शाळेवर शिकवायला जाते, सकाळी डबा घेऊन निघते ती संध्याकाळी येते, त्यामुळे घरचं आणि गोठ्याचं बहुतेक तीच ओढायची. मला तिनं कधी एका शब्दानं टोचलं नाही. टोचायला हरकत नव्हती, हे मी इथं लिहून ठेवते. त्या दिवशी ती पदर खोचून टेबलापुढं बसली आणि म्हणाली, "माले कधी ताप उना का? काढा, पायजे तेवढं काढा." आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तिच्या चांगल्या तब्येतीचं कौतुक वाटत होतं, आणि ती लग्नघरात फोटोला बसल्यासारखी ताठ बसली होती.

रक्त कशासाठी ते त्यांनी नीट सांगितलं होतं. गुजरातच्या बाजूला काही लोकांना ताप आला, अंगातून रक्त गेलं आणि माणसं दगावली. तो विषाणू गुरांच्या गोचिडांमधून येतो. आमच्याकडे असं कुणी दगावलेलं नव्हतं, पण तो आपल्या भागात आधीच येऊन गेलाय का, कुणाला कळू न देता, हे त्यांना पाहायचं होतं. गोचीड म्हटल्यावर आमच्या बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. आमच्याकडे गोचीड काढणं हे बायांचं काम. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायला घरातला कर्ता पुरुष पुढं होतो, सगळी वाहवा त्याची. पण वर्षभर कानामागून, कासेजवळून, शेपटीखालून गोचीड वेचायचे ते बाईनं. तंबाखूचं पाणी करून म्हैस धुवायची तीही बाईनंच. वेचलेला गोचीड जिजी दगडावर ठेवायची आणि अंगठ्याच्या नखानं चिरडायची. नखात रक्त राहायचं. मग हात पदराला पुसून भाकरी थापायला बसायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

काही दिवसांनी ती मंडळी परत आली. या वेळी एक तरुण डॉक्टरीण घरोघर फिरून सांगत होती. माझं रक्त कोरं निघालं. माझ्या नवऱ्याचंही. जिजीच्या रक्तात मात्र अँटिबॉडी सापडल्या. ती पोर म्हणाली, "आजी, घाबरू नका. तो विषाणू तुमच्या अंगात कधीतरी येऊन गेला. अंगानं त्याच्याशी झुंज दिली आणि त्याला ओळखून ठेवलं. आता तुम्हाला काही झालेलं नाही, आणि तुमच्यापासून कुणाला काही होणारही नाही." जिजी आजी वाटण्याएवढी म्हातारी नव्हती.

पोर गेली. जेठांनी आपला पाण्याचा तांब्या हळूच उचलून दुसऱ्या कोनाड्यात ठेवला. मी ते पाहिलं, जिजीनंही पाहिलं. 'हात दाखवून अवलक्षण' म्हणतात ते हेच, असं माझ्या मनात आलं. त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली नाही. ओट्यावर बसून राहिली आणि मला म्हणाली, "भाकरी तू टाक माय, मी टाकसू तं कोनी खावाव नही." मी तिच्या हाताला धरून तिला चुलीपुढं बसवलं आणि त्या रात्री मुद्दाम एक भाकरी जास्त खाल्ली. याहून जास्त मला काही सुचलं नाही.

हे असं चाललं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. कदाचित ती आज असती, असं मला आता वाटतं. पण दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातली म्हातारी काठी टेकत आली. तिच्या लहानपणी देवीची साथ तिनं पाहिली होती. ज्याला देवी येऊन गेली त्यानंच देवीच्या रोग्याजवळ बसायचं, त्यानंच त्याला कडुलिंबाचा पाला घालायचा, ही तेव्हाची रीत. गोवर-कांजिण्यांना आमच्याकडे अजून तसंच करतात. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "जेले व्हई गयं त्याले परत व्हस नही. हाई पक्की व्हई गयी." जेठांचा तांब्या त्याच दुपारी जागेवर आला.

आणि तिथून गावानं आपलं गणित मांडलं. बाकीचे कच्चे, जिजी पक्की. गुजरातेतल्या त्या तापाची धास्ती सगळ्यांनी घेतलेली, गोचीड दिसला तरी लोक दोन पावलं मागं सरकायचे. मग गोचिडाला हात कुणी लावायचा? ज्याला होऊन गेलंय त्यानं. आधी शेजारच्यांनी बोलावलं, मग गल्लीतल्या, मग पार गावाच्या दुसऱ्या टोकाच्या घरातून निरोप यायला लागले. "जिजी, जरा ये ना, गाय अडनी शे." अडलेल्या गाईचं वासरू ओढायला जिजी. मेलेलं पारडू उचलायला जिजी. कुणाच्या बैलाच्या कानात गोचिडांचा झुपका झाला, जिजी. ज्या घरचे पुरुष आधी निदान वासरू ओढायला हात लावत, तेही आता दाराशी उभे राहून सूचना करायला लागले. आमच्या घरचे दोघं तर आयत्या बिळावरचे नागोबा. आधी बैलांच्या पायाशी तरी बसायचे, आता तेही सोडून दिलं.

मी चिडायचे. डॉक्टरणीनं काय सांगितलं ते मी पुन्हा पुन्हा सांगितलं. एका विषाणूची ओळख अंगाला झालीय, बाकी हजार गोष्टी आहेत. गोठ्यात काय कमी आहे? पण हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या नवऱ्याला मी म्हणाले की हे जेठांच्या कानावर घाला. जेठांशी मी थेट बोलत नाही, आमच्याकडे ती रीत नाही. इतकी वर्षं शाळेत बाप्यांच्या सभेत मी बोलते, पण घरात जेठ समोर आले की पदर डोक्यावर आणि शब्द तोंडात. नवरा म्हणाला, सांगतो. सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

आणि खरं सांगायचं तर जिजीला त्यातून काढणं सोपं नव्हतं. ती खूश होती. तिची चाल बदलली होती. लोक तिला चहा पाजत, परत निघताना पदरात वाटीभर तूर घालत. पोळ्याच्या आदल्या दिवशी एका घरच्या माणसानं बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायला चक्क तिला बोलावलं. बाईनं खांदे चोळल्याचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. ती परत आली तेव्हा दोन्ही तळहात पिवळे होते आणि ते तिनं धुतले नाहीत. मी म्हटलं, जिजी, तुम्ही थोडं अंग सांभाळा. निदान पायात काही घाला. तिच्या टाचांना भेगा होत्या, पावसाळ्यात त्या चिघळायच्या, आणि ती अनवाणीच सगळ्यांच्या गोठ्यांतल्या शेणमुतात उभी राहायची. ती हसली. "तुमले व्हई, माले नही," म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पयल्यांदा कोनी माले बलाई ऱ्हायनं, माय." मी कणीक मळायला घेतली.

श्रावण सरला, तरी त्या वर्षी पाऊस थांबेना. गोठ्यांत पाणी साचलं. जिजीला ताप आला. आधी अंग मोडून आलं, मग पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की तिला जिन्याची पायरी चढवेना. दिवसभर उभी असते म्हणून दुखतं, असं तीच म्हणाली. गावात एक डॉक्टर येतो, त्यानं सुई दिली आणि विचारलं की हिचं ते मागे तपासलं होतं ना? हो म्हटल्यावर तोही निश्चिंत झाला. मी नवऱ्याला म्हणाले, शहाद्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ या. तो म्हणाला, "तिले काय व्हस? तिन्हं रगत तपासेल शे." मी म्हणाले, तो ताप वेगळा आणि हा ताप वेगळा. एका तापाचा निकाल दुसऱ्याला लागू होत नाही. मी हे स्वयंपाकघरात म्हटलं, ओट्यावर म्हटलं, समोरच्या म्हातारीला म्हटलं. म्हातारी म्हणाली, मास्तरीण शिकेल शे पण तिले ह्या रोगसनं काय माहीत.

जिजी स्वतः माझं ऐकेना, हेच सगळ्यांत वाईट. तिला कुणाचं बोलावणं नाकारायचं नव्हतं. ताप असताना ती एका घरी गाय सोडवायला गेली. मी शाळेत होते. आल्यावर कळलं. दवाखान्यात जाणं म्हणजे तिच्या दृष्टीनं आपण पक्के नाही, हे गावापुढं कबूल करणं होतं. ते तिला जमणार नव्हतं. तिच्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं हो.

एका सकाळी मी तिला चहा द्यायला गेले आणि तिनं डोळे उघडले. पांढऱ्या जागी पिवळं होतं, त्यात लाल शिरा. लघवी होत नाही असं ती पुटपुटली. मी कप तिथंच ठेवला आणि बाहेर आले. जेठ ओट्यावर दात घासत होते. मी पदर घ्यायचं विसरले. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ओरडले की बायको मरी ऱ्हायनी तुमनी, गाडी काढा. जेठ माझ्याकडे बघतच राहिले. ती मरतेय याचं त्यांना नवल वाटलं की मी बोलले याचं, ते मला अजून कळलेलं नाही. पण गाडी निघाली.

शहाद्याहून नंदुरबारला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय पाहिले, डोळे पाहिले, गुरं आहेत का विचारलं आणि मान हलवली. जनावरांच्या मुतातून, ओल्या मातीतून, पायाच्या भेगांतून अंगात शिरणारा हा आजार. त्याचा गोचिडांशी काही संबंध नाही. आधी आणलं असतं तर साध्या गोळ्यांनी आवरला असता, आता मूत्रपिंडांनी काम सोडलंय. नवऱ्यानं माझ्यामागून डॉक्टरांना विचारलं, पण साहेब, हिच्या रक्तात तर ते सापडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय सापडलं होतं? तो सांगत राहिला. डॉक्टर दमलेले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की त्याचा इथं काही उपयोग नाही.

सुरतेहून मुलगी निघाली होती. मी जिजीच्या उशाशी बसले होते. मधेच तिला शुद्ध आली. तिनं माझा हात चाचपला आणि म्हणाली, "धाकली, मन्हं रगत तं पक्कं व्हतं ना? मंग हाई काय व्हयनं?" तिच्या आवाजात दुखणं नव्हतं, शरम होती. कुणीतरी तिची चोरी पकडावी तशी. मी शिकवणारी बाई, मुलांना खोटं बोलू नका सांगणारी. मी तिला म्हणाले, "पक्कंच शे, जिजी. बठ्ठा गावमा तुन्हंच पक्कं शे." एरवी तिला तुम्ही म्हणणारी मी, त्या वेळी तुन्हं म्हणाले. मुलगी पोचण्याआधी ती गेली.

गाव दशक्रियेला आलं. सगळ्यांनी तिच्या हातगुणाची आठवण काढली. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं, यंत्र चुकलं असेल, रगत कच्चंच असेल. जिच्याकडून गोठे साफ करून घेतले तिनं तो ताप कुणाच्या गोठ्यातून आणला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला त्या दिवशी पंगतीतली पानं उचलून प्रत्येकाच्या दारात नेऊन फेकावीशी वाटली. मी ती उचलली आणि उकिरड्यावर टाकली, रीतीप्रमाणे. इतकी वर्षं मी मुलांना शिकवते की माहिती असली की माणूस वाचतो. माहिती आमच्या घरात होती, सरळ मराठीत सांगितलेली होती, आणि त्या माहितीनंच बाई मेली. तेव्हापासून फळ्यापुढं उभी राहिले की मला कशाचीच खात्री वाटत नाही.

गोठा मात्र थांबत नाही. म्हशीला कुणीतरी धुवायला हवं होतं, बैलांच्या कानांत पुन्हा झुपके झाले होते. पुरुष दारापाशी उभे. मग मीच वेचायला लागले, शाळेतून आल्यावर, पायात नवऱ्याचे जुने गमबूट घालून. मी दगडावर चिरडत नाही, डब्यातल्या डिझेलमध्ये टाकते. पण सुरुवातीला हातमोजे नव्हते, आणि सवय नसल्यामुळे एखादा बोटांतच फुटायचा.

पुढच्या वर्षी ती मंडळी पुन्हा आली. त्याच लोकांचं पुन्हा रक्त घ्यायचं होतं. त्या डॉक्टरीण पोरीनं जिजीबद्दल विचारलं. मी सांगितलं. ती पोर खरोखर हळहळली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्यावर रागावता येईना. तिनं विचारलं, कशानं? मी सांगितलं. "म्हणजे आमच्या आजारानं नाही," ती म्हणाली, आणि लगेच तिचं तिलाच ते कसंतरी वाटलं असावं, तिनं मान खाली घातली. मग तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला. मी निरोगी होते, ताप नाही, खोकला नाही, औषध चालू नाही.

माझा निकाल आला तेव्हा सगळे घरात होते. या वेळी माझ्या रक्तात ते सापडलं. मला कधी काही झाल्याचं आठवत नाही. मधे एकदा अंग कसकसलं होतं, शाळा बुडवली नव्हती. पोरीनं या वेळी फार काळजीपूर्वक, एकेक शब्द तोलून सांगितलं. याचा अर्थ एवढाच, याहून जास्त नाही, बाकी कुठलाही ताप आला तर लगेच दवाखाना. मी जेठांकडे बघत होते. जेठांनी तांब्या हलवला नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर मला चक्क हायसं वाटलेलं दिसलं.

ती पोर गाडीत बसली न बसली तोच नवरा म्हणाला, "चला, बरं व्हयनं. आते घरनं काम घरमाच व्हई." समोरच्या घरचा माणूसही दाराशी येऊन उभा राहिला होता, त्याची गाय दिवस भरलेली होती.

मी नवऱ्याला विचारलं, जिजी कशानं गेली ते आठवतं का?

"तो तं येगळाच ताप व्हता," तो म्हणाला. अगदी शांतपणे, मला समजावून सांगावं तसं. मी वर्षभरापूर्वी हेच घरभर ओरडत फिरत होते, तेव्हा ते कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आता शिरलं होतं. जेठांनी मान डोलावली, आणि समोरचा माणूस मला विचारायला लागला की आज संध्याकाळी येशील का.